सरकार घोडी कोणाकडे जाईल

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा नालबंदी, म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणे, आज पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण तिचं दडपण अठ्ठावन्न वर्षांचं असल्यामुळे ते जमेत धरू नये. गुडघे गेले, कान अर्धे गेले, डोकं जागेवर आहे. खात्री करण्यासाठी वकीलसाहेबांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगून वर त्यांच्या आजोबांच्या घोड्याच्या सगळ्या खोडी सांगितल्या, तेव्हा त्यांनी पुढचे प्रश्न सोडून दिले.

कलम १. राहतं घर पत्नीच्या नावे. लग्न झाल्यावर तिने विचारलं होतं, "तुम्ही सकाळी उठून आधी कोणाकडे बघता?" मी खरं ते सांगितलं, तरी ती राहिली. घोड्यांना दाणा घातल्याशिवाय मी कधी जेवायला बसलो नाही आणि माझ्याशिवाय ती बसली नाही. किती वेळा तिचं अन्न निवलं, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या हयातीत या घराच्या एका विटेलाही कोणी हात लावू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना सारखी. यावर चर्चा नाही.

कलम ३. ऐरण, हातोडे, चिमटे आणि कानशी मुलाला. तो दातांचा डॉक्टर आहे. परवाच म्हणाला, "बाबा, ही ऐरण मी ठेवू तरी कुठे?" रोगी जिथे बसतात तिथे ठेव म्हटलं, दात आपोआप दुखायचे थांबतील. हत्यारांना महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवावा.

कलम ४. चांगलं खोगीर मेहुण्याकडे आहे. फोटो काढायला दोन दिवसांसाठी म्हणून नेलं, त्याला एकतीस वर्षं झाली. ते मी त्याला आता बहाल करतो, म्हणजे रस्त्यात मला पाहून तो औषधांच्या दुकानात शिरायचं बंद करेल. रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, मात्र माझ्याजवळ आहेत आणि त्या त्याला मिळणार नाहीत. एवढा राग माणसाने शिल्लक ठेवावा, तब्येतीला बरा असतो.

कलम ५. माझ्यामागे भाषणं करू नयेत. ज्यांना चांगलं बोलायचं आहे त्यांनी आत्ता येऊन बोलावं, चहा मिळेल. वरातीमागून घोडं नको.

कलम ६. हे सगळं लिहायला बसलो ते या एका कलमासाठी. माझ्याकडे एक घोडी आहे, वय चोवीस. मनात आलं तरच काम करते म्हणून तिचं नाव सरकार. मुलाला तबेल्याच्या जागी मोटार ठेवायची आहे आणि घोडी "चांगल्या माणसाला" विकायची आहे. म्हातारी घोडी विकत घेणारा चांगला माणूस मला आजवर भेटलेला नाही. ती माझ्या मुलीकडे जावी. पण मुलीने एकेचाळीस वर्षांत तबेल्यात पाऊल टाकलेलं नाही, आणि त्याला कारण मी आहे.

ती चौदा वर्षांची होती. आमचा तांबडा घोडा रोज सकाळी तीच फिरवायची. नाल ठोकल्यावर घोडा दहा पावलं चालवून बघायचा आणि मगच सोडायचा, हा आमच्या धंद्याचा नियम. त्या दिवशी गिऱ्हाईकं खोळंबली होती, घरचाच तर घोडा, म्हणून मी तसाच बांधला. दुसऱ्या दिवशी ती त्याला लंगडत घेऊन आली. चार लोकांसमोर मी ओरडलो, "दगडांवरून दामटलास ना? जनावराची अक्कल नाही तुला!" तिसऱ्या दिवशी नाल काढली तर माझाच खिळा खुराच्या जिव्हाळीला लागलेला. नालबंदानेच घोडा लंगडा केला, हे बाहेर पडलं तर कोण येणार माझ्याकडे? मी गप्प बसलो. तांबडा महिन्याभरात बरा झाला. पोरगी परत आली नाही. चूक माझी होती, आणि मला त्या चुकीची लाज वाटते.

इथवर सांगून झालं तेव्हा वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे मी तिला तुम्ही गेल्यावर वाचून दाखवायचं?"

"तीच तर सोय आहे."

"सोय तुमची झाली. तिने भांडायचं कोणाशी?"

फी घेणारा माणूस फुकटात एवढं शहाणं बोलेल असं वाटलं नव्हतं. रविवारी मुलीला बोलावलं आणि कलम ६ वाचून दाखवलं. ती एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, ऐकून घेण्याची सवय तिला कमी. पण शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "एकेचाळीस वर्षं, बाबा? रस्त्यात घोडा दिसला की मी अजून फुटपाथ बदलते." आणि उठून बाहेर गेली. मी काठी शोधू लागलो, तर पत्नी म्हणाली, "बसा. आता तिच्या मागे जाऊ नका."

तासाभराने ती आली. केसांत गवत होतं.

"मागच्या डाव्या पायाची नाल ढिली झालीय. दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं गं. वाकता येत नाही."

"मग मला शिकवा. आणि घोडी मी आजच नेते. तुमच्या मरणाची वाट बघत कोण बसणार?"

सबब, घोडी आता माझ्या मालकीची नाही आणि ती कोणाला देण्याचा मला अधिकार उरलेला नाही. कलम ६ मधला तेवढा भाग रद्द. वकीलसाहेब अख्खं कलमच खोडा म्हणतात. मी खोडणार नाही. त्या दिवशीच्या चार लोकांपैकी जे कोणी हयात असतील, त्यांना माझ्या चुकीचा भाग मोठ्याने वाचून दाखवावा. मुलीने मला माफ केलं की नाही, हे विचारायची हिंमत झालेली नाही. पण दर रविवारी ती मला न्यायला येते, आणि मी तयार नसलो तर दारातूनच ओरडते.

साक्षीदार :
१. जनावरांचे डॉक्टर. यांनी घोडीला आणि मला दोघांनाही तपासून शहाणं ठरवलं आहे.
२. शेजारचे शिंपी. यांना यातलं काहीही मिळणार नाही, म्हणून साक्षीला पात्र.

सही : घोडीने मधेच कागद ओढल्यामुळे वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

दिनांक : ११ नोव्हेंबर, रविवार.

ठिकाण : माझ्या मुलीचा तबेला.