जोडावरचं नाव

७ ऑगस्ट २००६, सोमवार

शिसारी आली. गच्चीवर गेलो होतो. चार बिल्डिंगांच्या वायरी एकमेकींत गुंतून पडल्यात. पाण्याच्या टाकीला टेकून केबलवाल्याचा पत्र्याचा डबा, त्याला दार नाही. आत कबुतरांची घाण आणि मुंग्या. जोडांवर टेप नाही — दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलंय, वरून सुतळी! यातून म्हणे घराघरात इंटरनेट जातं. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो. रस्त्याखाली, गटाराच्या पाण्यात बसून हजार-हजार तारांचे जोड केले. इतका गलिच्छ कारभार पाहिला नाही.

म्हणून धर्माला सांगितलं, आमच्या घरची वायर मी ओढणार. धर्मा केबलवाल्याचा माणूस, मिठागरांच्या मुर्धा गावचा, पंचेचाळिशीतला. तोंडात सदा तंबाखू. त्याच्याकडून वायर, प्लग आणि प्लग दाबायचा चिमटा घेतला. गच्चीतल्या डब्यापासून मुलीच्या, निशीच्या टेबलापर्यंत चाळीस मीटर. ओळंबा लावल्यासारखी सरळ, दर फुटाला क्लिप. दोन्ही टोकांचे प्लग मी बसवले. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी — प्रत्येकीशेजारी तिची पांढरी. हा क्रम मला झोपेतही चुकायचा नाही.

धर्मा बघत उभा होता. म्हणतो, "काका, ती तशी न्हाय लावत. नारिंगी पयली येते. नि हिरवीची जोडी फोडायची, मधी निळी घालायची."

जोडी फोडायची! आमच्या खात्यात जोडी फोडणाऱ्याला मेमो मिळायचा. त्याला म्हटलं, बाबा रे, तू तंबाखू थुंकून ये.

काम झाल्यावर टेबलाकडच्या टोकाला चिठ्ठी बांधली : पं. साटम, ७-८-०६. मेणाचा दोरा, दोन वेढे, टोक आतून ओढलेलं. ज्याने जोड केला त्याचं नाव जोडावर, हा आमचा नियम. यांच्या जोडांवर नाव नाही आणि मनात लाज नाही.

८ ऑगस्ट

धर्माकडच्या तपासणीच्या डबीवर आठच्या आठ दिवे क्रमाने लागले. एकही हुकला नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. चालू!

११ ऑगस्ट

चालू म्हणजे काय चालू. निशीच्या कानाला हेडफोन, हात मांडीवर, नजर पडद्यावर. फाइल निम्मी उतरते आणि तिथेच बसते. मग पडद्याच्या कोपऱ्यातून लाईन तुटल्याचा फुगा वर येतो. पुन्हा पहिल्यापासून.

निशिगंधा आमची एकुलती एक. गेल्या वर्षी स्कूटरवरून पडली, मांडीत सळई आहे. ऑफिसची नोकरी त्यातच गेली. आता अंधेरीच्या एका कंपनीचं काम घरून करते — अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं. आवाजाच्या फाइली मोठ्या असतात म्हणे. सप्टेंबरअखेरपर्यंत ती परीक्षेवर आहे. तीनदा काम उशिरा गेलं की नाव कमी. काल एकदा झालं.

केबलच्या ऑफिसात फोन केला. तिथे हेमाली नावाची बाई बसते. "काका, कॉम्प्यूटर बंद करके चालू करो ने." केलं. "दुबारा करो ने." मी काय लहान मूल आहे?

१४ ऑगस्ट

धर्मा आला. कॉम्प्यूटरवर काळी खिडकी उघडून लाईन तपासायला काहीतरी टाइप केलं. चार ओळी आल्या. "उत्तर येतंय काका, लाईन हाय." मग मोठा आकडा घालून पुन्हा टाइप केलं, तेव्हा उत्तर येईना. मान हलवत माझ्या प्लगकडे बोट नेलं.

हात लावायचा नाही म्हटलं. तुझे गच्चीतले कचऱ्याचे ढीग आधी बघ. माझ्या जोडाला चौतीस वर्षांत तक्रार नाही.

धर्माने काळी खिडकी मिटली. जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी निशीशी काही कुजबुजला. पाणी मागत असेल.

१७ ऑगस्ट

दुसरा उशीर. गिरिजाने, तिच्या आईने, निशीपुढे ठेवलेला चहा तसाच साय धरून पडला. बत्तीस वर्षांची मुलगी पायाने अधू होऊन घरात बसलीये, आणि तिचं नशीब एका थुंकणाऱ्या माणसाच्या हातात!

१९ ऑगस्ट

आज पद्धतशीर शोध घेतला. दोष शोधायची रीत एकच : लाईन मधोमध तोडून बघायची, दोष अलीकडे की पलीकडे. गच्चीच्या डब्यापासून अलीकडे सगळं माझं, म्हणजे निर्दोष. उरलं पलीकडचं. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चढलो. तिथे वायर पाण्याच्या डबक्यातून गेलीये, डबक्यात मेलेला कावळा. पलीकडे एसीच्या खोक्यावरून, मग कुणाच्या तरी कपडे वाळत घालायच्या दांडीवरून. दांडीवर ओले परकर! वॉचमन विचारतो, "क्या ढूँढता है अंकल?" म्हटलं, शरम.

खाली येऊन तीनदा हात धुतले. वास जाईना.

२२ ऑगस्ट

निशी म्हणते, मधेच कधीतरी लाईन बरी असते, तेवढ्यात फाइली उतरवून घेते. काम वेळेवर जातंय. मी दिवसभर टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतो, मला तर ती बरी दिसत नाही. मी जेवून डुलकी काढतो तेव्हा येत असेल.

दुपारी एकला निशी चालायला जाते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. कुठला डॉक्टर ऑगस्टात, शांती नगरच्या चिखलात, दुपारी एकला चालायला सांगतो? बिल्डिंगला लिफ्ट नाही. तीन मजले उतरायचे आणि चढायचे. येते तेव्हा पाय सुजलेला, घामाने थबथबलेली. बोललो तर, "बाबा, सवय होतेय." माझ्यासारखीच हट्टी.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

हेमालीबेनचं नवीन कारण : "गणपति का लाइटिंग है ने काका, सिग्नल खींचता है." देवालाही सोडलं नाही.

१ सप्टेंबर

धर्माला पाचव्यांदा बोलावलं. आला, शर्ट भिजलेला. दारातच चपला काढून पाय पुसले, हे मात्र मान्य करायला हवं. डब्यातला खोका बदलला, निशीच्या कॉम्प्यूटरमधलं कार्ड बदललं. फरक शून्य. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, येक डाव माझ्या हातानं टोकं मारू द्या. न्हाय झालं तर मी मुर्ध्याला चालत जातो."

माझा पारा चढला. तुमच्या मिठागरात पाणी अडवायला बांध घालत होतात, ते जाऊन घाला म्हटलं. तारा तुमचं काम नाही.

गिरिजा आतून म्हणाली, "अहो!" निशी उठून गॅलरीत गेली. धर्माने पिशवी उचलली, "येतो काकी," म्हणाला आणि गेला. त्याचा चिमटा माझ्याच कपाटात राहिलाय. येऊन न्यावा.

जरा जास्त बोललो. पण तिसरा उशीर झाला तर तो भरून देणार आहे का?

५ सप्टेंबर

तक्रारअर्ज लिहिला. खात्याच्या भाषेत, कार्बन घालून तीन प्रतींत. "सदर इसमास तांत्रिक ज्ञानाचा गंधही नसून त्याचे वर्तन बेपर्वाईचे आहे. सबब त्यास या विभागातून हटवावे." बिल्डिंगमधल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या. सगळे हसत होते पण सही केली. निशीने वाचला. "बाबा, त्याचं नाव खोडा ना. नुसतं लाईन खराब आहे लिहा." नाव कशाला खोडू? ज्याचं काम, त्याचं नाव.

अर्ज हेमालीबेनच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला. तिने त्यावर ढोकळ्याची प्लेट ठेवली.

१२ सप्टेंबर

तसंच. कंटाळा नाही, वीट आलाय. घर सोडून हललो नाही आठ दिवस.

१४ सप्टेंबर

अर्जाचा परिणाम! हेमालीबेनचा फोन : "काका, धर्मा को उत्तन साइड डाल दिया, चौक गाँव में. उधर टीवी का लाइन है, खंबे का काम. अभी खुश?" सोमवारी नवा माणूस येणार. कारभाराला एकदाची शिस्त लागली म्हणायचं.

गिरिजाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पंचेचाळिशीत खांबावर चढायचं." एवढंच.

१६ सप्टेंबर, शनिवार

दादरला जुन्या जॉइंटर मंडळींचा मेळावा. सकाळी गेलो, रात्री आलो. आमची वायर कशी ओळंब्यात ओढली ते सांगितलं. महिपत म्हणाला, "साटम्या, तुझा जोड म्हणजे कुलूप." बरं वाटलं. निवृत्तीनंतर कुणी असं बोललं नव्हतं.

१७ सप्टेंबर

सकाळपासून लाईन ठणठणीत! एवढी मोठी फाइल, मी चहाचा घोट घेईपर्यंत उतरली. दुसरी. तिसरी. निशी हसतेय, कित्येक दिवसांनी. मी म्हटलं, बघितलंस? एक अर्ज पडला आणि नवा माणूस यायच्या आधीच सुतासारखे सरळ झाले. हिंग लावून विचारत नव्हते आजवर. निशी म्हणाली, "हो बाबा."

२२ सप्टेंबर

पाच दिवस एकही फुगा नाही. नवा माणूस फिरकलासुद्धा नाही, फिरकायची गरजही नाही. निशीचं चालायला जाणं बंद झालंय. पायाची सूज उतरली. म्हटलं, डॉक्टरांचं काय? म्हणाली, झालं तेवढं पुरे.

२५ सप्टेंबर

निशीला पत्र आलं. कायम केलं! गिरिजाने शिरा केला. संध्याकाळी हेमालीबेनला फोन करून मोठ्या मनाने सांगितलं, तुमचं काम आता समाधानकारक आहे. ती म्हणाली, "हमने तो कुछ किया नहीं काका." ढोंगी बाई.

२८ सप्टेंबर

दसऱ्याला यंत्राची पूजा करायची, म्हणून सकाळी टेबल पुसायला घेतलं. चिठ्ठी हातात आली. अक्षर माझं, तारीख माझी. गाठ माझी नाही. मी टोक आतून ओढतो. ही होडीच्या दोराला मारतात तशी होती. प्लग काढून खिडकीशी धरला. नारिंगी पहिली. हिरवीची जोडी फोडलेली, मध्ये निळी.

कपाट उघडलं. चिमटा नव्हता.

गिरिजा म्हणाली, बसा आधी. मग सांगितलं. मी दादरला गेलो त्या दिवशी धर्मा चिमटा न्यायला आला होता. चौकवरून काम आटपून, पोटऱ्या खांबाने सोललेल्या. निशीने त्याला विचारलं, करशील का? दोन्ही टोकं त्याने दहा मिनिटांत बदलली. चिठ्ठी तशीच परत बांधायला निशीने सांगितलं. दोष कुठे आहे ते तिला चौदा ऑगस्टपासून माहीत होतं, धर्माने स्वयंपाकघराच्या दाराशी सांगितलं होतं : तारा पोचल्यात म्हणून दिवे लागतात, पण जोड्या चुकल्यात म्हणून मोठी फाइल अडते. ती त्याला म्हणाली होती, "बाबांचं नाव आहे त्यावर. राहू दे." दुसऱ्या उशिरानंतर रोज एक वाजता ती जायची, ते चालायला नाही. नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन फाइली पेन ड्राइव्हवर आणत होती. सळई घातलेल्या पायाने, तीन मजले.

आणि मी शेजारी खुर्ची टाकून पहारा करत होतो. माझीच मला किळस आली.

२९ सप्टेंबर

हेमालीबेनकडून अर्ज परत मागितला, धर्माला परत आणा असा नवा लिहून दिला. म्हणाली, "अभी उधर का आदमी हो गया वो, देखेंगे." तिथून बस पकडून चौकला गेलो. धर्मा खांबावर होता. खाली उतरेपर्यंत उभा राहिलो. "काका, लाईन बंद हाय का?" हेच पहिलं विचारलं त्याने. चालू आहे म्हणालो. मग मिठागराचं बोललो त्याची आणि अर्जाची माफी मागितली.

घरी येऊन चिठ्ठी सोडली. नवी लिहिली : धर्मा, मुर्धा, १६-९-०६. निशीला बसल्या जागी दिसेल अशी बांधली.