क्रेनचा रंग आणि परतीची वाट

गुडघा बदलायला लेकाकडे गेलास आणि तिथून फोन करून माझ्या नातीला सांगतोस, ‘‘क्रेनला हात लावू नकोस, लांबून बघ.’’ लांबून बघायला ते काय ग्रहण आहे? गुडघ्याबरोबर डोकंही बदलून देतात का, तेवढं विचारून ये. झालं माझं. आता रीतीचं लिहिते.

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघा वाकतो का? व्यायामाला कण्हलास तर लक्ष देऊ नकोस म्हणावं भावजयीला. लहानपणी दात पडला तरी तू गल्ली गोळा करायचास. माझी तब्येत उत्तम. काल मी तुझी क्रेन सुरू केली. (हो, मीच. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून पत्र.)

मी काही मागायला लिहीत नाहीये. पोरगी, माझी नात, रीतसर शिकून तुझ्या भाड्याच्या क्रेनच्या आवारात वायरिंगचं काम मागायला आली, तू म्हणालास अवजड मशीनला बाईमाणूस चालत नाही. मशीनला विचारलंस? तू गेल्यापासून ती मोठी क्रेन मेल्यासारखी उभी. किल्ली फिरवली की नुसती टकटक. दिवा लावला तर वायपर अंग झटकायचा, हॉर्न दाबला तर समोरचे दिवे उजळायचे आणि हॉर्न मात्र घसा बसल्यासारखा. (आपल्या घरातही एकाला हाक मारली की दुसराच ओ देतो, पण आपण भाड्यानं जात नाही.) तुझ्या मिस्त्रीनं बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणाला.

पोरगीही आधी चुकलीच, लपवत नाही. उंदरांनी वायरी खाल्ल्या असतील म्हणून सकाळभर सीटखाली डोकं घालून बसली. एक वायर कुरतडलेली नाही. मिस्त्री हसला. ते हसणं मी जपून ठेवलंय.

मग तिनं मीटर काढलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं क्रेनच्या लोखंडाला लावायचं, आणि त्याच वेळी वर केबिनमध्ये कुणीतरी किल्ली फिरवून धरायची. एवढंच काम, पण बाप्यांना ते जमेना. ऑपरेटर किल्ली फिरवायचा, सोडायचा, हॉर्न दाबून बघायचा आणि खिडकीतून डोकं काढून सल्ला द्यायचा. मिस्त्री बसला तो किल्लीला हात लावण्याआधी अनुभव सांगू लागला. मी तिचा डबा घेऊन गेले होते (आणि थोडं भांडायला). ती माझ्यापुढे येऊन म्हणाली, ‘‘आजी, तू बस. मी सांगेन तेवढंच करायचं, जास्तीचं काही नाही.’’

आता मी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. सासूचं नाही, नवऱ्याचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. मला वर चढवायला खालून दोघे आणि वरून एक लागला, पोतं चढवावं तशी चढले. (एकाला लाथ लागली. मिस्त्रीच निघाला.) पण बसल्यावर पोरगी ‘धर’ म्हणाली की धरली, ‘सोड’ म्हणाली की सोडली. तोंडातून शब्द नाही. खाली जमलेली माणसं क्रेन बघत नव्हती, मला गप्प बसलेली बघत होती.

मीटरवर शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं, तिथं भलताच आकडा आला. मला समजलं तसं तुला सांगते. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि लोखंडातून बॅटरीकडे परत येते. जायची वाट सगळे तपासतात, परतीची कुणी बघत नाही. तीच अडली होती. मग वीज बिचारी दिव्यातून, वायपरमधून, बोळाबोळानं घर शोधत होती. पोरगी परतीच्या वायरीचा माग काढत लोखंडावरच्या तिच्या बोल्टपाशी पोचली, बोल्ट काढला, वायर उचलली. खाली पिवळा रंग. जाड, गुळगुळीत, नव्या नवरीसारखा.

धाकट्या, जायच्या आधी क्रेनसमोर फोटो काढायचा म्हणून तो रंग कुणी मारून घेतला? ‘‘एक बोल्ट सोडू नकोस, खोलून मार’’ असं रंगाऱ्याला कोण म्हणालं? तुझं ऐकणारा जगात एकच निघाला, आणि त्यानंच घात केला. रंगातून वीज जात नाही बाबा.

पोरीनं तेवढी जागा काचकागदानं घासून लोखंड उघडं केलं, वायर आवळली आणि मान वर करून म्हणाली, ‘‘धर.’’ क्रेन अशी गरजली की माझी कवळी ताल धरू लागली. खाली पोरगी ग्रीसनं माखलेली, दात तेवढे पांढरे. मी रडले वगैरे नाही. गर्व करू नये म्हणतात. म्हणोत, त्यांच्या नातीनं कुठं क्रेन सुरू केलीय?

तुझी थोरली

ता. क. मागायचं नव्हतं, पण पलीकडच्या आवारवाल्यानं भिंतीवरून सगळं पाहिलं आणि पोरीला कामाला बोलावलं. ती म्हणते, आधी मामाआजोबा काय म्हणतात ते बघू. एवढा सभ्यपणा तिनं माझ्याकडून घेतलेला नाही.

आणखी एक. बंद कर म्हटल्यावर मी आधी हॉर्न वाजवला. ते तिनं सांगितलं नव्हतं.

आणि मिस्त्री फोन करून सांगेल की क्रेन त्यानंच सुरू केली. त्याला म्हणावं, आजही कर. किल्ली माझ्या उशीखाली आहे.

उत्तर मला नको. मिस्त्रीबरोबर निरोप नको, भावजयीच्या हातचं पत्र नको. तू स्वतः लिहायचंस, पोरीच्या नावानं, आणि पहिल्याच ओळीत ‘हात लाव’ म्हणायचंस.