मुक्या डोंगराचा खेळ

११ सप्टेंबर १९७८

एस.टी. आज पुन्हा उशिरा! पण मुलींपैकी एकीनंही रस्त्याकडे मान वळवून बघितलं नाही.

बघणार कशा? त्या मुक्या डोंगराच्या दारात उभ्या होत्या. डोंगराच्या राजानं राज्यातले सगळे आवाज गुहेत कोंडून ठेवलेत – जात्याची घरघर, घुंगरं, पाखरं, हसणं. माणसांचं बोलणं तेवढं ठेवलंय, कारण शेतसारा वसूल करायला ते लागतं. मुलींनी जाऊन आवाज सोडवून आणायचे. मी फक्त सांगते, समोर काय आहे. काय करायचं ते त्या ठरवतात. मग पाच फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर जमलं, काळ्या जास्त पडल्या तर फसलं. शाळा सुटल्यावर कासुर्डीकडच्या मुलींचा वेळ जावा म्हणून मी हा खेळ काढला, आता मलाच शेवटचा तास सरत नाही.

खेळात सगळ्या जणी साधी माणसं आहेत. एक सुईण, एक मेंढ्या राखणारी, एक कुंभारीण. नकुशी बांगड्या विकणारी. ही आठवीतली मुलगी वर्गात नाव विचारलं तरी खाली बघते. पण आज दारावरच्या पहारेकऱ्यापुढे हीच गेली. म्हणाली, “दादा, घरी बायकोला ह्या न्या.” मी पहारेकरी झाले, बांगड्या हलवून बघितल्या. वाजल्या नाहीत. कशा वाजणार? तर ही हळूच म्हणते, “आवाज आत हाय त्यांचा. दार उघडा, म्या घिऊन येते.”

मी चिंचोके टाकायला सांगायचंच विसरले. दार उघडलं!

१२ सप्टेंबर

घरी आई-दादांना पत्र टाकलं. खेळाबद्दल लिहिलं नाही, दादा हसतील. “मुली शिकतात” एवढंच.

१९ सप्टेंबर

आज विजयमाला खेळायला आली. साहेबरावांची धाकटी. त्यांचं घर शाळेला लागूनच, तिला कुठल्या एस.टी.ची वाट बघायची नसते. रोज कुंपणावरून ऐकत होती म्हणे.

साहेबराव सोसायटीचे चेअरमन, आणि शाळेच्या कमिटीचेही. माझी नेमणूक एका वर्षाची. कायम करायचं की नाही ते कमिटी ठरवणार.

मी विचारलं, तू कोण होतेस? तर म्हणाली, “मला बांगड्या-मडकी नको बाई. मी नागकन्या. मला कुणी मारू शकायचं न्हाई. आन् मी फुंकर मारली की समोरचा दगड.”

मी हो म्हणाले.

मग मुलींना सांगितलं, कल्पनेला कुंपण कशाला घालायचं? वाक्य छान होतं. मला आवडलंसुद्धा. पण “हो” आधी निघालं होतं, वाक्य नंतर सुचलं.

२२ सप्टेंबर

अर्थात सगळ्यांना तेच हवं झालं. सुईण आता उडणारी गंधर्वी. कुंभारीण राक्षसीण झाली, डोंगर उचलते. मेंढ्यावाली दिसेनाशी होते. एकीला दिलं तर दुसरीला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

महिनाभर पुरेल असा रस्ता मी रचला होता – नदी, दरी, म्हातारीची झोपडी, तिचं कोडं. आज एका डावात सगळा संपला. नदी राक्षसीण प्यायली. दरी गंधर्वीनं ओलांडली. म्हातारीच्या झोपडीवरून तर त्या उडूनच गेल्या. कोडं माझ्याकडेच राहिलं.

मग मी आगीचा कोट उभा केला, तीन तोंडांचा पहारेकरी बसवला. ताकद वाढली तर संकटही वाढवायला नको का? पण तीन तोंडांच्या पहारेकऱ्यापुढे बांगडीवालीनं काय करायचं? नकुशी म्हणाली, “म्या त्याच्याशी बोलते.” विजयमाला म्हणाली, “कुणाशी बोलतीस? त्याला मी दगड केला की.”

आणि ते खरंच होतं.

नकुशी अजूनही माणूसच आहे. तिनं काही मागितलं नाही. मला वाटलं, तिला तेच आवडतं.

२७ सप्टेंबर

लिहू की नको, असं करत अर्धा तास नुसती बसले आहे.

आगीच्या कोटावरून उडून जायचं होतं. एकूण पाच जणी. चार जणींना काही ना काही जमत होतं. नकुशीचं काय करायचं? विजयमालाच म्हणाली, माणसांना उडता येत नाही, माणसांनी खाली थांबून सामान धरायचं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खेळात माझाच शब्द शेवटचा.

मी म्हणाले, “बरं. नकुशी पायथ्याशी सामान राखेल.”

विजयमालानं हसत हसत आपलं खरं दप्तर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. मग दुसरीनं ठेवलं. मग बाकीच्या दोघींनी. नकुशीही हसत होती. चार दप्तरं मांडीवर घेऊन ती कोंडाळ्याच्या बाहेर भिंतीला टेकून बसली, आणि मी पुढे सांगत राहिले – आग, धूर, ठिणग्या. आज माझं सांगणं फार रंगलं होतं. एस.टी. आली तेव्हा ज्या त्या मुलीनं आपापलं दप्तर तिच्या मांडीवरून उचललं.

नकुशी बौद्धवाड्यातली आहे. मीही शिरूरच्या बौद्धवाड्यातलीच. मला त्या चार दप्तरांचं वजन कळायला हवं होतं. कळलं होतं! तोंडातून “उचला ती” एवढे दोन शब्द निघाले नाहीत.

का निघाले नाहीत? कायम व्हायची ऑर्डर, हे एक. दुसरं म्हणजे जूनमध्ये मी नकुशीला पहिल्या बाकावर बसवलं, तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, “बाई आपल्या लोकांचं बघणारच.” तेव्हापासून मी तिच्याशी बोलायचं असलं की आधी आजूबाजूला बघते. कुणाला पक्षपात दिसू नये म्हणून तिच्यापुरती मी जरा जास्तच कडक राहते.

याला मी इतके दिवस समान वागणूक म्हणत होते.

२८ सप्टेंबर

खेळ घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

४ ऑक्टोबर

मच्छिंद्र सर विज्ञान शिकवतात. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, तिथून त्यांना आमचा खेळ ऐकू येतो. आज मधल्या सुट्टीत मी त्यांनाच विचारलं – नागकन्या आली आणि गोष्ट मेली, असं तुम्हाला वाटतं का?

ते म्हणाले, ताकदीनं गोष्ट मरत नसते. नागकन्येला गमावण्यासारखं तुम्ही काही ठेवलंच नाही, त्यानं मेली. दर फुंकरीला तिचं काहीतरी जाऊ द्या – डोळ्यांची नजर म्हणा, एखादी आठवण म्हणा. मग बघा, ती फुंकर मारायच्या आधी दहादा विचार करील. अशी नागकन्या मलासुद्धा ऐकायला आवडेल.

मी म्हणाले, पण सर, एक जण जन्मतःच उडणारी आणि एक जण जन्मतःच खाली थांबणारी, असा खेळ मुळातच वाईट नाही का? ते म्हणाले, बाहेर तसंच आहे, म्हणून खेळात नको, हे मला पटतं. पण मग ते पहिल्या दिवशीच म्हणायचं.

चहा संपवून उठता उठता म्हणाले, “आन् एक विचारू का? त्या पोरीला तुम्ही चिंचोके टाकायलाच लावत नाही. चेअरमनच्या लेकीला काळी बाजू पडत नसती का?”

ते हसत होते. मीही हसले. कप घेऊन नळावर गेले आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला.

खरंच, विजयमालाच्या हातात मी आजवर एकदाही चिंचोके दिलेले नाहीत. बाकीच्या जणी सवयीनं टाकतात. ती फुंकर मारते आणि मी “झाला दगड” म्हणते. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

नकुशी आठवडाभर थांबत नाही. शाळा सुटली की शेतातून पायवाटेनं चालत घरी जाते. तिला चालायला आवडत असेल, असं मी चार दिवस स्वतःला सांगितलं.

आज फाटकापाशी गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघूनच – हेही लिहून ठेवते. विचारलं, खेळायला का थांबत नाहीस? रागावलीस?

“न्हाई बाई. राग कशाचा.”

मग?

तिनं अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, “माणसाला तिथं कामच न्हाई काय. समद्यांचं समदं हुतंय. म्या नुसतं बसून आग ऐकू व्हय?”

मी म्हणाले, मी सगळं नीट करीन. तुला खेळात परत घेईन. वचन दिलं! तिनं मान हलवली. कधी, असं विचारलं नाही.

विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? कमिटीची बैठक दिवाळीनंतर आहे.

१५ ऑक्टोबर. शिरूर

काल सगळा दिवस विहारात गेला. दादा मला हाताला धरून माणसामाणसापुढे नेत होते. “ही आमची ललिता. बी.ए. झाली. पोरांना शिकवती.” एक म्हातारी, जाईबाई, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून म्हणाली, “आमच्या पोरींना बी जवळ घी गं बाय.”

मी “हो आजी” म्हणाले. आता “हो” किती सहज निघतं माझ्या तोंडून!

जेवताना दादांनी विचारलं, तिथं आपल्यातली पोरं आहेत का शाळेत? आहेत म्हणाले. शिकतात का? शिकतात म्हणाले. ते खूश झाले. मी भाकरी अर्धीच ठेवली. आईला वाटलं, यवतला खानावळीचं खाऊन पोट बिघडलं.

२४ नोव्हेंबर

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. रस्त्याला उसाच्या बैलगाड्या लागल्या आहेत, एस.टी. आणखीच उशिरा येते. म्हणजे खेळाला आणखी वेळ. विजयमाला आणि बाकीच्या तिघी कोंडाळं करून बसतात. आग विझली, पहारेकरी दगड झाला, गुहेपर्यंत पोचल्या. तरी आवाज मी अजून सापडू देत नाही. सापडले की खेळ संपेल, आणि नकुशीशिवाय तो संपावा, हे काही मनाला पटत नाही. म्हणून गुहेच्या आत गुहा काढत बसले आहे.

मुली कंटाळल्यात. गंधर्वी आज मध्येच जांभई देऊन म्हणाली, “बाई, आम्हाला काय व्हतच न्हाई.”

ऑर्डर हातात पडू दे. एकदा पडली की दुसऱ्याच दिवशी सगळं सरळ करते.

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. कोण लिहितंय हे? कॉलेजच्या वादविवादात “अन्याय दिसताक्षणी बोललं पाहिजे” म्हणून टेबलावर मूठ आपटणारी मुलगी हीच ना?

४ डिसेंबर

कायम झाले. हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावून ऑर्डर दिली. साहेबराव तिथंच बसले होते. मी नमस्कार केला, विजयमालाबद्दल काहीतरी चांगलं बोलायला गेले – खेळात फार हुशार आहे वगैरे. तर ते म्हणाले, “खेळ? कसला खेळ? मला वाटलं, पोरगी शाळेत अभ्यासाला थांबतीया.”

त्यांना काही माहीतच नव्हतं!

दादांना तार करावी म्हणून पोस्टात गेले. कार्ड घेऊन परत आले.

५ डिसेंबर

आज सांगून टाकलं. उद्यापासून सगळ्या जणी माणसं. उडणं नाही, दगड करणं नाही. चिंचोके सगळ्यांनी टाकायचे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विजयमालाशी वाद घालायची तयारी करून ठेवली होती – न्याय, समता, गोष्टीचं हित.

विजयमाला म्हणाली, “बरं.”

म्हणाली, मग मी मेंढ्यावाली होते, ती मला पहिल्यापासून आवडायची. मला राहवलं नाही, मी विचारलं, मग नागकन्या कशाला मागितलीस गं तेव्हा? तिनं खांदे उडवले.

“मी नुसतं इचारून बघितलं, बाई. तुम्ही व्हय म्हणाल असं मला वाटलंच नव्हतं.”

म्हणजे भ्यायला कुणीच नव्हतं. ना बाप, ना लेक. मी आपली एकटीच भीत होते, आणि त्या भीतीची किंमत मोजली नकुशीनं.

पण उद्या वचन पुरं करीन. तिला स्वतः जाऊन बोलावणार आहे – वर्गात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

८ डिसेंबर

नकुशी आली. कोंडाळ्यात बसली, अगदी मध्यभागी. मी विचारलं, पुन्हा बांगडीवाली ना? तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. “न्हाई बाई. मला नागकन्या करा.”

मी म्हणाले, आता तसं नाही, आता आपल्या खेळात सगळ्या सारख्या.

ती “बरं बाई” म्हणाली. नाही म्हणायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. विजयमालाला हो म्हणतानाही लागला नव्हता.