शिंगाच्या पळीची व्यवस्था

मी, बर्नडेट उलायुक, आरोग्य केंद्रातील निवृत्त दुभाषी, वय शहात्तर, राहणार कुगलुक वस्ती, नुनावुत, हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. डोके ठिकाणावर आहे. राग आहे तो वयाचा नव्हे, रविवारी जे पाहिले त्याचा.

आधीचे मृत्युपत्र रद्द. त्यात होडी, बंदूक आणि बर्फावर चालवायची स्नोमोबाइल भाचा जेरोम याला दिली होती. रविवारी त्याने समुद्रातल्या एका सीलची शिकार करून तो माझ्या दारात आणला. मी आतून सीलला पाजायचे पाणी घेऊन येईपर्यंत या गृहस्थाने मेलेल्या सीलच्या तोंडात कोला ओतला आणि मोबाइलवर त्याचे चित्रणही केले.

"अगं आत्या, तहान भागल्याशी कारण! शिवाय गोड आहे. आता बघ, सगळे इथेच रांग लावतील."

आणलेले पाणी मी उंबऱ्यावर ओतून दिले. जन्मात पहिल्यांदा.

सील आयुष्यभर खाऱ्या पाण्यात तहानलेला. ज्या घरी गोडे पाणी मिळते तिथल्या शिकाऱ्याच्या हाती तो आपणहून लागतो आणि मेल्यावर त्याचा जीव समुद्रात परत जाऊन इतर सीलांना त्या घराचे नाव सांगतो. आता माझ्या घराचे काय सांगेल? मिशनच्या शाळेत सिस्टर याला अडाणीपणा म्हणत. "मग तुम्ही बाप्तिस्म्याला बाळाच्या डोक्यावर पाणी कशाला ओतता?" असे विचारले म्हणून मला उपाशी झोपवले. तरी मी शब्द मागे घेतला नाही. आणि आता घरच्याच माणसाने हे करावे!

१. होडी, बंदूक, स्नोमोबाइल आणि पेट्रोलसाठी माझी बचत जेरोमची बहीण अगात हिला. ती म्हणते, "आत्या, तो चुकला गं, पण शिकार चांगली करतो." त्यासाठीच द्यायचे तर अस्वलाला का देऊ नये? ते निदान चित्रण करत नाही.

२. कातडी सोलायची माझी सुरी शेजारीण तेरेझ हिला. तशीही ती तिच्याच घरी आहे. मागून थकले.

३. आईची शिंगाची पळी, जिने आमच्या घरी प्रत्येक सीलला पाणी पाजले, ती जेरोमला. होय, जेरोमलाच. माझा जीव गेल्यावर, फादर येण्याआधी, त्याने तळ्याचा बर्फ स्वतः फोडून आणावा, वितळवावा आणि या पळीने माझ्या तोंडात पाणी सोडावे. मोबाइल बाहेर ठेवावा. मी काही बोलणार नाही. सीलही बोलला नव्हता. पण तिकडे गेल्यावर या घराचे नाव मलाच सांगायचे आहे.

स्वाक्षरी: बर्नडेट उलायुक
साक्षीदार: लेओ तागाक, होडी दुरुस्त करणारे, मोनिका इव्हालु, शिक्षिका (दोघांनी पूर्ण वाचून, माझ्यासमोर)
कुगलुक, १२ मार्च २०१९