कानानं निवडलेल्या पेन्या

प्रिय आर्डिसताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे हर्शेलचा, नमस्कार घे. तुझं पत्र येऊन दीड महिना झाला, उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. तुझा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? थंडीत कोंबड्या किती वाचल्या? आणि ग्लेनदाजींच्या कानातलं ते यंत्र अजून प्रार्थनेच्या वेळी शीळ घालतं का? त्यांना माझा नमस्कार सांग (जरा मोठ्यानं सांग). मी काही त्यांच्या वयाचा झालो तरी असलं बटण कानात खोचून हिंडणार नाही. (मी त्यांच्याहून चौदाच महिन्यांनी लहान आहे, ते मला ठाऊक आहे.) इकडे आमची तब्येत ठणठणीत आहे. लुएलाला पाठीचा थोडा त्रास होतो, पण ती तो माझ्या पेन्यांच्या बादल्यांच्या खात्यात टाकते, तेव्हा तो दुखण्यात धरायचा की तक्रारीत, हे मला ठरवता आलेलं नाही.

तू नाताळात विचारलं होतंस की हर्शेल, अकरा वर्षं तू त्या तांब्याच्या पेन्या निवडत बसला आहेस, यात तुला पडतं काय? हा प्रश्न तुझ्या तोंडून आला तरी शब्द लुएलाचे होते, हे मी लगेच ओळखलं. तरीही तू मोठी बहीण आहेस, म्हणून नीट उत्तर देतो. ब्याऐंशी सालापर्यंत आपल्या सरकारनं पेनी तांब्याची पाडली. मग तांबं महागलं आणि सरकारनं आत जस्त घालून वर नुसता तांब्याचा मुलामा द्यायला सुरुवात केली. दिसायला दोन्ही सारख्या. पण जुन्या पेनीतलं तांबं आज अडीच-तीन सेंटांचं आहे आणि बँक ती मला एका सेंटला देते. म्हणजे बँक मला दर पेनीमागे दोन सेंट फुकट देते आणि वर 'पुन्हा या' म्हणते. (ती वितळवायला कायद्यानं बंदी आहे, हे खरं. पण कायदे बदलतात. लुएला म्हणते, तोवर आपणच वितळू.) आता तर सरकारनं पेनी पाडायचंच बंद केलं. त्या दिवशी मी घरात पाय पसरून बसलो आणि कुणाशी बोललो नाही, इतका मला अभिमान वाटला.

माझी पद्धत तू पाहिलेली नाहीस. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गावातल्या बँकेतून पंचवीस डॉलरची पेटी आणायची. अडीच हजार पेन्या, पन्नास-पन्नासच्या गुंडाळ्यांत. मग स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर एकेक टाकायची. तांबं वाजतं, स्वच्छ, वरच्या सुरात, आणि नाद थोडा रेंगाळतो. जस्त नुसतं पडतं. लोक सालं वाचायला भिंगं घेतात, वजनकाटे घेतात. मी चाळीस वर्षं तीन परगण्यांतले पियानो सुरात लावले आहेत, ताई. मला भिंग कशाला लागतं? मी खिडकीबाहेर बघत निवडतो. अकरा बादल्या भरल्या (आइस्क्रीमच्या, प्रत्येकीत पाच हजार) आणि त्यात जस्ताची एक पेनी कुणी दाखवली तर मी ती गिळून दाखवीन. (हल्ली चर्चचा पियानो लावायला डेटनहून एक तरुण येतो. माझ्या गुडघ्यांना वाकायचा त्रास नको म्हणून समितीनं ही सोय केली. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, पण माणसं काळजी करतात, आपण नाही म्हणू नये.)

निवडून उरलेल्या जस्ताचं काय करायचं, यालाही रीत आहे. ज्या बँकेतून आणलं तिथेच परत टाकलं, तर पुढच्या महिन्यात आपलाच कचरा आपल्या पानात. म्हणून मी ते पुन्हा कागदात गुंडाळून नदीपलीकडच्या बँकेत नेऊन देतो. आणि प्रत्येक गुंडाळीवर पेन्सिलीनं 'तपासले, ह. डि.' असं लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुण्या निवडणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये. ही माणुसकी मला कुणी शिकवली नाही, ती माझी मीच काढली.

आता खरी गोष्ट. गेली तीन वर्षं तांबं आटत चाललं. पूर्वी पेटीत साडेपाचशे निघायच्या. मग तीनशे, मग शंभर, आणि या जानेवारीत एकोणीस. मी लुएलाला म्हटलं, गाव शहाणं झालं, माझं बघून सगळे निवडायला लागले. मला त्याचं दुःखही होतं आणि थोडं बरंही वाटत होतं. (लुएला यावर काही बोलली नाही. ती तशीही रुसलेली आहे. भांडी धुताना गुणगुणायची तिची सवय तिनं तीन वर्षांपूर्वी सोडली, म्हणजे दहावी बादली फराळाच्या कपाटात शिरली साधारण तेव्हापासून. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. बायकांचा राग असाच मुका असतो असं मी धरून चाललो.)

मागच्या बुधवारी चर्चच्या जेवणाला नदीपलीकडचा अर्लो पेटीबोन माझ्या शेजारी येऊन बसला. हा निवृत्त दातांचा डॉक्टर. पेन्या वजनकाट्यावर निवडतो, त्यामुळे आमचं फारसं जमत नाही. शेंगांचं भट्टीत भाजलेलं कॅसरोल खाता खाता म्हणाला, "हर्शेल, तुला एक गंमत सांगतो. तीन वर्षं आमच्या बँकेत सोनं लागलंय. गुंडाळी फोडावी, पन्नासात आठ-दहा तांब्याच्या. कोण टाकतो देव जाणे." मी म्हटलं, असेल कुणी मूर्ख. तेव्हा त्यानं खिशातून एक गुंडाळी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तपासले, ह. डि.'

मी ताबडतोब सांगितलं की अक्षर बनावट आहे. अर्लो म्हणाला, "असेल." तो काही मोठ्यानं हसला नाही, त्याचा मला जास्त राग आला. घरी आल्यावर लुएलानं मला ओट्याकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली, "मी पेन्या टाकते, तू आवाज मोज." मी मोजल्या: सात. ती म्हणते तिनं बारा टाकल्या. पाच तिनं टाकल्याच नाहीत, असं माझं म्हणणं होतं. मग तिनं दुसऱ्यांदा टाकल्या आणि मला वळून बघू दिलं.

असो. इकडे हवा बरी आहे. बर्फ वितळलं. तुला तिकडून रुबार्बच्या मुरंब्याची बाटली पाठवता आली तर पाठव. आमच्या इथल्या मुरंब्याला तुझी चव नाही. लुएलाचा तुला नमस्कार.

तुझा,
हर्शेल

ता. क. माझा एक ओळखीचा गृहस्थ आहे, तू त्याला ओळखत नाहीस. ग्लेनदाजींना ते कानातलं यंत्र कुणी बसवून दिलं, त्या माणसाचं नाव आणि पत्ता त्याला हवा आहे. फार घाई नाही. या आठवड्यात कळवलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा. तो ओळखीचा गृहस्थ मीच आहे, हे तू वरचं वाचतानाच ओळखलं असशील, तेव्हा उगाच शाई कशाला वाया घालवू. दाजींना सांगू नकोस. किंवा सांग, त्यांना ऐकू तर येतं.

ता. क. तिसरा. पाकीट बंद केलं, पण टाकायचं राहिलं; आज पुन्हा उघडलं. मागच्या आठवड्यात एका रात्री जेवणानंतर मी लुएलाला शेवटी विचारलं, की बाई, तू गुणगुणायचं का सोडलंस? ती हातातली बशी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी कुठे सोडलं, हर्शेल?" ताई, मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं ती माझ्या पाठीमागे गात होती आणि मी तिला रुसलेली समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्लोला फोन केला. अकराही बादल्या तो दीड सेंटाच्या भावानं घेतोय. त्यानं आठवडाभर बसून आपल्या काट्यावर सगळं तपासलं. पंचावन्न हजारांत जस्ताची एकही निघाली नाही, हे त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि लुएलाला दोनदा ऐकवलं. आठशे पंचवीस डॉलर आले. तेवढ्यात एका कानाचं यंत्र होतं असं कळतं. तेव्हा यात पडतं काय, हा तुझा प्रश्न मिटला. त्या माणसाला सांग, डाव्या कानाचं हवं. माझी खुर्ची जिथे आहे तिथून भांडी धुवायची जागा डावीकडे येते.