इंजिन चालू, दिवा नाही

२३ जुलै, मंगळवार

जनरेटर चालू होतो, पण वीजच देत नाही! दोरी ओढली की इंजिन धडधडतं, धूर निघतो, आवाज सगळ्या पाड्यात जातो — आणि बल्ब काळाच. बटण पडलंय का पाहिलं. वायर बदलली. बल्ब बदलला. नाहीच.

कालच्या वाऱ्याने लाईन तुटली. दरड पडून जव्हारचा रस्ता बंद, वायरमन येणार कसा? आणि माझ्या उबवणीच्या पेटीत पाड्यातल्या बायकांनी दिलेली गावठी अंडी. पिल्लं निघायला चार-पाच दिवसच राहिलेत.

सासूबाई म्हणाल्या, "कोंबडीला कवा लाईट लागली? उगा यंत्राच्या नादी लागलीस." बोलल्या, आणि स्वतःच चुलीवर पाणी ठेवलं. गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवतोय. निवल्या की बदलायच्या. एका जागी बसवत नाही.

२४ जुलै

रेंजसाठी छत्री धरून टेकाडावर गेले. आधी दिपेश. "सोड ना ते, ये इकडं ठाण्याला." नवऱ्याला तिकडून बोलायला सोपं! गौराला, कमूला काय सांगू — तुमची अंडी सोडून आले? ठेवला फोन.

मग जव्हारचे तुळशीदास मिस्त्री. जनरेटर त्यांच्याकडूनच घेतलेला.

"किती दिवस बंद होता?"

"होळीपासून."

"मग आतलं चुंबक उतरलं असेल. त्याच्या जोरावरच वीज बनायला लागते. बॅटरीचा झटका देऊन बघ."

२५ जुलै

थोरले दीर ढवळूभाऊजी जीपची बॅटरी घेऊन आले. झाकण काढलं. मिस्त्रींनी सांगितलं तशी लाल वायर लालला. ठिणगी! बल्ब नाही. पुन्हा ठिणगी. नाही. "जळंल काही, थांब," भाऊजी म्हणाले. थांबू कशी? कोरडं सरपण संपत आलंय.

मोबाईलच्या उजेडासमोर एक अंडं धरलं. आत हललं.

२६ जुलै

सापडलं!!

आत कोळशाचे दोन लहान तुकडे असतात, ब्रश म्हणतात. फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यांना ते टेकलेले हवेत. एक खाचेतच अडकून बसलेला! नीट टेकतच नाही, तर झटका पोचणार कुठे? मोकळा केला. कडं पॉलिश पेपरने घासलं, काळं-काळं निघालं. पुन्हा बॅटरी लावली. बल्ब आधी लालसर, मग एकदम लख्ख. मी ओरडलेच. सासूबाई धावत आल्या — "लागला गं! लागला!" पेटीचा पंखा फिरला. चुलीत शेवटचं लाकूड होतं तेव्हा.

आज पोटभर जेवले.

२७ जुलै

दुपारी भाऊजी आले. जीपमधून उतरलेही नाहीत. गौराची सून कोंडी खोडाळ्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. पोर निळी पडतेय. ऑक्सिजनचं यंत्र आहे, पण इन्व्हर्टर उतरलाय. ॲम्ब्युलन्स दरडीपलीकडे अडकलेली. आपला जनरेटर हवाय.

"पेटीपण नेऊ या?" मी म्हणाले.

"ह्या खड्ड्यांतून? एक अंडं नाय टिकायचं."

सासूबाईंनी सरपण पाहिलं, कोरडं एकही लाकूड नव्हतं. बटण मीच बंद केलं. आवाज थांबला आणि ऐकू आलं — पेटीत एक पिल्लू आतून कवच टोचत होतं.

संध्याकाळी निरोप आला. कोंडीची पोर रडली.

पेटी अजून उघडली नाही.