शेवटचा दगड कुणाचा?

चि. सौ. धाकट्या जाऊबाईस थोरल्या जाऊचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का, की बाटली नुसती उन्हात ठेवून तिच्याकडे बघत बसतेस? भावोजींचा खोकला बरा झाला असेल तर आनंद आहे, आणि नसेल झाला तर आणखी चार दिवस राहिला तरी माझी हरकत नाही. का, ते पुढे कळेल. आमच्याकडे तब्येती सगळ्यांच्या उत्तम, बिघडलंय ते डोकं, आणि तेही माझं एकटीचं नाही. पत्र लिहिण्यास कारण की, राग. फोनच केला असता, पण तू फोन मोठ्या आवाजावर ठेवतेस आणि भावोजी शेजारी बसून सगळं ऐकतात हे मला ठाऊक आहे. मागे मी त्यांच्याबद्दल बोलत होते तेव्हा मधेच 'हुं' असं आलं, ते काय तुमच्या मांजराचं होतं? म्हणून कागद घेतला. शाळेत मला फार दिवस ठेवलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तू बघून घे. शिव्या मात्र मी शुद्ध लिहीन.

तुला सगळं माहीतच आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, तेव्हा ऐक. ह्यांनी जन्मभर खाली दुकानात लोकांच्या दाढ्या केल्या आणि स्वतःची रोज सकाळी स्वतःच्या हाताने केली. दुसऱ्या कुणाचा वस्तरा गालाला लागू दिला नाही. आजारपणानंतर उजवा हात थरथरायला लागला आणि वस्तरा सुटला. दुकान आता मुलगा बघतो, पण तो हल्लीच्या रीतीने दांडीत अर्धं पातं अडकवतो आणि गिऱ्हाईक उठलं की टाकून देतो. ह्यांना ते चालत नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, मी करतो ना, पाच मिनिटांत." हे म्हणाले, "पाच मिनिटांत दाढी होत नाही, अपघात होतो." मग राहिलं कोण? मी. धार लावणं मला नवं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दुकानातले वस्तरे मागच्या खोलीत बसून मीच दगडावर फिरवलेत. आधी खरखरीत दगड, मग मधला, आणि सगळ्यांत शेवटी तो काळा गुळगुळीत, ज्यावर नुसतं पाणी टाकायचं आणि वस्तरा त्याच्याच वजनाने जाऊ द्यायचा. मग चामड्याच्या पट्ट्यावर वर-खाली, वर-खाली. पहिल्या दोन दगडांनी वस्तरा कापायला लागतो, शेवटचा असतो तो गालाला बोचू नये म्हणून. वस्तरे माझे होते, गाल मात्र कधी माझ्याकडे आला नव्हता. तो आता आला.

तर काळा दगड काढायला गेले, तो कपाटात नाही. डबे उपसले, पेट्या उपसल्या, पलंगाखाली अर्धी शिरले (तिथे तुझी ती हरवलेली चप्पल सापडली, ठेवली आहे). शेवटी मुलाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "तो सपाट होता तो? अगं आई, तो कपडे धुवायच्या मशीनच्या पायाखाली घातलाय. कसा बरोब्बर बसलाय बघ!" बघितला. तीन तुकडे झालेत. ते मशीन पिळायला लागलं की अंगात आल्यासारखं नाचतं, आणि त्याच्याखाली आपल्या सासऱ्यांचा दगड! ज्याच्यावर त्यांनी कधी कुणाला चहाचा कप टेकवू दिला नाही, त्याच्यावर घरादाराच्या चादरी! मुलगा वर मलाच म्हणतो, "दगडच होता ना शेवटी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तू जन्मलास तेव्हा तूही नुसता गोळाच होतास, तरी मी तुला कशाच्या पायाखाली घातलं नाही.

ही बातमी जावईबापूंपर्यंत गेली (आमच्या मुलीला बातम्या पोचवायला पाय लागत नाहीत). जावईबापूंवर मला रागावता येत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांच्यावरचा राग मी भांड्यांवर काढते, आणि या प्रकरणात एक पातेलं कायमचं चेपलं आहे. ते एक पांढरा कारखान्यातला दगड घेऊन आले, खोक्यात, मऊ कापडात. त्यावर आकडा, बारा हजार. मला वाटलं बिचाऱ्यांचा रांगेत तेवढा नंबर लागला होता. ते म्हणाले, "नाही आई, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक." बरं. मग फोनवर कुणा परक्या माणसाचं बघून बघून त्यांनी स्वतःच वस्तरा घासला आणि धार आली का ते बघायला हातावरचे केस काढले. निघाले. पुन्हा घासला, पुन्हा काढले. डावा हात संपला, उजवा संपला, मग मोजा खाली करायला लागले, तेव्हा मी चहा घेऊन मधे पडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोकांनी विचारलं म्हणे, भाजलं का? एवढं करून ती धार मी बोलत बोलत ह्यांच्या गालाला लावली तर हे खुर्चीतून असे उठले जणू कुणी खालून ढकललं. वर तुरटी फिरवली तर डोळ्यांत टचकन पाणी. म्हणाले, "ही दाढी नाही, ही बटाटा सोलायची रीत आहे." तर जावईबापू काय म्हणतात? "धार अप्रतिम आहे आई. बाबांची त्वचा एकदा दाखवून घ्यायला हवी." मी म्हटलं, हो हो, घेऊ या ना. आणि पातेलं घासायला गेले.

आणि मग आले तुझे हे. आता मन घट्ट कर. भावोजी आले ते ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून, तान्हं बाळ आणल्यासारखे. मला क्षणभर घाबरायलाच झालं. तर तो हिरवट दगड. कुणा जुन्या कारागिराचं दुकान बंद होत होतं, तिथून आणलेला. खाणीतला आहे, कारखान्यातला नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मीच त्यांना सांगायला लागले. दुपारभर त्यांनी माझा ओटा अडवला. छोट्या तुकड्याने ओला दगड घासून त्याचं दूध (म्हणजे दगडाच्या गाळाचं पाणी) काढायचं, मग थेंब थेंब पाणी घालून ते दूध पातळ करत न्यायचं. मी हात पुढे केला तर म्हणतात, "वहिनी, नको, तुमचा हात जड आहे." माझा हात जड! ज्या हाताने ह्या माणसाला त्याच्या लग्नाआधी मी वाढून घातलं, तेव्हा जड नव्हता. तेव्हा उलट म्हणायचे, वहिनी, आणखी वाढा. मग दगडाला कान लावून बसले. म्हणे आवाज बदलला की धार आली असं समजायचं. आवाज बदलला, पण तो माझा.

बरं, दाढीला बसवलं. वस्तरा मीच धरला. ह्यांचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी आपली सुरुवातीपासून चार गोष्टी सांगत होते, जावईबापूंच्या हाताची, पातेल्याची, शेजारणीच्या भाड्याच्या भांडणाची. अर्धा गाल झाला नाही तोच हे म्हणाले, "ओढतंय." भावोजी म्हणाले, "दादा, ओढत नाहीये. तुला ओढल्यासारखं वाटतंय." हे म्हणाले, "गाल माझा आहे." ते म्हणाले, "दगड माझा आहे." मग जे जुंपलं! पूर्वी एकाच दुकानात असताना कुणी कुणाची गिऱ्हाइकं पळवली होती इथपर्यंत गेले दोघे, आणि मी मधे वस्तरा वर धरून उभी, नाटकातल्या खुनी बाईसारखी. भावोजी चहा न घेता गेले. (तो चहा मी प्यायले. वाया का घालवा?)

ह्या सगळ्यात हसण्यासारखं खूप आहे, मला कळतं. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. हे दुकानात जायचे बंद झाले. रोज सकाळी दाराजवळच्या बाकावर बसून पंच्यांच्या घड्या घालायच्या, आल्या-गेल्याची चौकशी करायची, मुलाचं काय चुकतं ते नुसत्या भुवईने सांगायचं, एवढंच तर आता त्यांचं काम राहिलंय. पण न्हाव्याच्या दुकानात न्हाव्याचीच दाढी वाढलेली, म्हणून लाजेने हा माणूस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. शेवटी मुलगा म्हणाला, उद्या मी केस कापायचं मशीन फिरवतो, घूंऽऽ करून दोन मिनिटांत खुंट बारीक होतील, संपला विषय. आणि ह्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. अगं, ह्यांनी मान हलवली! त्या पाच मिनिटांच्या वेळी कसे फाडकन बोलले होते, आठवतं ना वर लिहिलेलं? हा माणूस भांडत नाही म्हणजे काय? मला इतका राग आला की तो कुणावर ते ठरवता येईना, म्हणून सगळ्यांवर केला. जाहीर केलं की मी आजपासून ह्या घरात कुणाशीही बोलणार नाही. मुलाशी नाही, ह्यांच्याशी नाही, जावईबापू आले तर मान डोलवून चहा देईन पण अक्षर काढणार नाही.

आणि सकाळी मुलाचं मशीन वर यायच्या आधी मी गरम पाण्याचा पंचा ह्यांच्या तोंडावर टाकला, फेस केला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि सुरू केलं. तोंडातून शब्द नाही. ह्यांनी विचारलं, "आज कुठला दगड?" मी गप्प. "दुधाचा की आकड्याचा?" मी गप्प. मग तेही गप्प. एक गाल झाला, दुसरा झाला, गळा झाला, नाकाखालची अवघड जागा झाली, आणि हे हलले नाहीत. शेवटी हाताची पाठ खालून वर फिरवून बघितली, एकदा, दोनदा. उठले, धुतलेला सदरा घातला आणि कठडा धरून जिना उतरले. मी वरून बघत होते. बाकावर बसले, पहिलाच पंचा उचलला आणि मुलाला म्हणाले, "ह्या घड्या कुणी घातल्या? बोक्याने?" माझा जीव भांड्यात पडला.

आता ऐक गंमत. जावईबापू म्हणतात दगड त्यांचाच, फक्त वस्तरा पट्ट्यावर जास्त फिरवायला हवा होता. भावोजींनी मुलाला फोन करून सांगितलं की दगड त्यांचाच, फक्त धार एक दिवस बसू द्यावी लागते. आणि मुलगा म्हणतो आईने मशीनखालचा तुकडाच काढून वापरला असणार, म्हणजे दगड तुटला ते एका अर्थी बरंच झालं! तिघांनाही मी उत्तर दिलेलं नाही. तिघेही येऊन माझ्याभोवती घुटमळतात, आणि मला असा आनंद होतो की काय सांगू.

कळावं तेवढं कळलंच असेल. लोभ आहे तसा असू दे, भावोजींवरचा थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझी,
थोरली जाऊ

ता. क. हे पत्र भावोजींच्या हाती देऊ नकोस. पुढचं तर मुळीच नाही. त्या दिवशी मी वस्तरा कुठल्याच दगडाला लावला नव्हता. रागात विसरले. धार होती ती भावोजींच्या हिरव्या दगडाचीच, जी आदल्या वेळी ओढत होती. मला वाटलं, म्हणजे भावोजी खरे! रात्रभर तळमळले. म्हणून पुढच्या दाढीला गपचूप जावईबापूंच्या दगडाची धार लावली. हे म्हणाले, "छान." त्याच्या पुढच्या वेळी शेवटचा दगड लावलाच नाही, मधल्यावरच थांबले. हे म्हणाले, "आज तर लोणी." आता बोल!

ता. क. दुसरा. मग मी ह्यांनाच विचारलं. (अबोला तेवढ्यापुरता मोडला.) तर काय म्हणाले माहीत आहे? "दगडाचं काही नव्हतं. तू बोलतेस तेव्हा तुझा हातही बोलतो. गोष्ट रंगात आली की तू दाबतेस." मी बोलते? मी? आणि हे इतके दिवस सांगितलं का नाही, तर म्हणे, मधे बोलायला जागा कुठे मिळाली? ह्या माणसासाठी मी पातेलं चेपलं! तर आता एक दिवसाआड सकाळी तोंड शिवून उभं राहावं लागतं. पाहुण्यासारखी उभी असते बघ. बोलायचं नाही म्हणून मग नुसतं बघते. ह्यांच्या उजव्या कानाखाली एक छोटासा पांढरा व्रण आहे. इतकी वर्षं एका घरात काढली, मला माहीत नव्हता. कधीचा, कशाचा, हे विचारायला तोंड उघडलं आणि वस्तरा बघून मिटलं. आणि हे डोळे मिटून असे बसतात, जणू गिऱ्हाईकच आहेत.

ता. क. तिसरा, आणि खरं कारण. तू आठ दिवस राहायला ये. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, जिन्यात मी हात धरीन. दाढी झाल्यावर माझ्या पोटात इतकं साठलेलं असतं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही, आणि ह्या घरात सगळ्यांशी माझा अबोला आहे. भावोजींनाही आण. त्यांच्याशीही अबोलाच आहे, पण चहा देईन.